घरघर

टुक्.

तेलाच्या कुपीचं बूड अंगठ्यानं दाबलं की एवढाच आवाज होतो. पण दुपारची लाईट गेलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, मागच्या खोलीत सासरे, अप्पा, जेवून आडवे झालेले. त्या सामसुमीत तो टुक् शिवांजलीला उगाच मोठा वाटला. तिनं दचकून मागं पाहिलं. सुकन्या झोपली होती. म्हणजे एक डोळा किलकिला ठेवून झोपेचं सोंग घेऊन पडली होती.

"आई, त्याला औषध पाजलंस?"

"हूं. खोकला झालाय त्याला."

"माझ्यावानी?"

"तुझ्याहून जास्त. तू झोप बाई आधी."

"कडू हाय का त्याचं औषध?"

साडेचार वर्षांच्या पोरीला एक उत्तर दिलं की त्यातून तीन प्रश्न फुटतात. शिवांजली नुसती हसली आणि पोरीच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढली. कपाळाला हात लावून पाहिला. ताप उतरला होता, पण श्वासाच्या शेवटाला एक बारीक शिट्टी अजून होती. लाईट नव्हती म्हणून ती ऐकू तरी आली. दोन दिवस ती शिट्टी ऐकायला शिवांजली पोरीच्या छातीला कान लावून बसायची आणि कानात शिरायची ती डब्याची घरघर.

डबा म्हणजे कॉम्प्युटर. घरात सगळे त्याला डबाच म्हणत. तिच्या नवऱ्यानं, रवीनं, तो दोन वर्षांपूर्वी अंबाजोगाईहून जुना आणला, पुढच्या खोलीत टेबलावर मांडला आणि दारावर ऑनलाइन फॉर्मचा बोर्ड लावला. तेव्हा त्याचा पंखा मांजर गुरगुरावं तसा बोलायचा. मग रवीनं दुकानाच्या छपराला रस्त्याकडं तोंड करून एक कॅमेरा बसवला आणि त्याची वायर डब्यात घातली. तेव्हापासून डब्याला झोप उरली नाही. लाईट असली की रात्रंदिवस चालू. गाव नांदूरघाटाच्या अलीकडचं, मुख्य रस्त्यावरचं. दिवसभर वाळूचे टिपर धुरळा उडवत जाणार आणि तो सगळा धुरळा पंखा नाकानं ओढून घेणार. मांजराची पिठाची गिरणी व्हायला वेळ लागला नाही.

"डब्याला घरघर लागलीय, एकदा बघा ना," असं ती दिवाळीत रवीला म्हणाली होती. अप्पांना एरवी ढोल वाजला तरी ऐकू येत नाही. पण ते एवढं बरोबर ऐकलं त्यांनी.

"घरघर म्हनू नये पोरी," ते म्हणाले होते. "ती माणसाला लागती. आवाज करतो म्हन."

तिनं जीभ चावली होती. रवी मात्र हसला होता. "राहू दे गं. आवाज येतोय म्हंजे चालू हाय. चालू हाय तेच बरं."

आणि मग भामाबाईचं झालं.

भामाबाई म्हणजे हरिबाची बायको. बारा दिवसांपूर्वी सकाळी रस्त्याच्या कडेनं दोन शेळ्या घेऊन निघाली होती. मागून टिपर आला, तिला उडवलं आणि थांबला नाही. टिपर कुणाचा ते गावात शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. गावचे पुढारी सुंदरराव नाना यांचा. पण कुणी पाहिला नव्हता. पाणी भरायला आलेल्या बायका नेमक्या तेव्हा वाकल्या होत्या, चहा पिणारे गडी नेमके तेव्हा बशीत बघत होते. पाहिला फक्त कॅमेऱ्यानं. टिपरचा नंबर, काचेमागचा सटवा ड्रायव्हरचा चेहरा, आणि नंतरचं, जे शिवांजलीनं एकदाच पाहिलं आणि मग दोन दिवस तिला भाकरी गेली नाही.

रवीनं ते कुणाला सांगितलं नाही. एक हरिबाला तेवढं सांगितलं. आज सकाळी हरिबा एस.टी.नं गेला आणि तासाभरानं रवी मोटरसायकलवर. गावात सांगितलं, कागदाचे गठ्ठे आणायला चाललोय. खिशात पेन ड्राइव्ह होता. अंबाजोगाईला एक वकील होते, त्यांना तो द्यायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं.

"वकिलाच्या हातात पडेपर्यंत डबा बंद करायचा न्हाई," जाताना तो बजावून गेला होता. "अस्सल त्याच्यात हाय. हात लावू नको."

तिनं बंद केला नव्हताच. लाईट गेली म्हणून तो आपोआप बंद पडला. आता तीनपर्यंत लाईट येत नाही, पोरगी पडलीय, अप्पा झोपलेत, भांडी घासून झालीत. आईच्या वाट्याला असा तास महिन्यातून एकदा येतो. तिनं मोबाईलवर आठ दिवसांपूर्वीच पाहून ठेवलं होतं, आता नुसतं करायचं होतं. डब्याचा एका बाजूचा पत्रा उघडला. आत गोधडीतल्या कापसासारखी धूळ बसली होती, काळी, मऊ. ती रंगाच्या ब्रशनं झाडली, सायकलच्या पंपानं वारा मारून उडवली, तोंडाला पदर बांधून. पंख्याच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद नखानं सोलला, खाली बारीक भोक होतं, त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. टुक्. मग चार स्क्रू. स्क्रू घट्ट बसवले तरी पंख्याची थरथर पत्र्यात उतरते आणि पत्रा ढोलासारखा वाजतो. म्हणून तिनं जुन्या ट्यूबचे चार बोटभर तुकडे कापले, मधे भोकं पाडली आणि पंखा नि पत्रा यांच्यामधे घातले. स्वतःच्या कामावर ती स्वतःच खूश झाली. आले की यांना दाखवायचं, तिनं ठरवलं. आधी काही बोलायचंच नाही. ऐका म्हणायचं नुसतं.

तीनला दहा कमी असताना बल्ब लागला. तिनं बटण दाबलं.

पंखा फिरला. पाती दिसेनाशी झाली. आवाज नाही. तिला वाटलं, अडकला. हात पुढं केला तर तळहाताला वारा लागला, गार, सरळ. आवाज तेवढा नाही.

मग एकेक गोष्ट ऐकू यायला लागली, अंधारात डोळे सरावल्यावर वस्तू दिसाव्यात तशी. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. डबा चालू असताना तिनं ती कधी ऐकली नव्हती. पत्र्यावर कबुतराची नखं. आणि पोरीचा श्वास, शेवटी ती बारीक शिट्टी. आहे, पण कमी झालीय. तिला एकदम भरून आलं. डबा चालू असताना तिनं आपल्या लेकराचा श्वास दोन वर्षांत ऐकला नव्हता.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि कुणी तरी खाकरलं, अगदी कानाशी.

तिनं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. समोर होता तो प्लायवूडचा आडोसा.

ही जागा पूर्वी अप्पांचं किराणा दुकान. दोन वर्षांपूर्वी सुंदरराव नानांना रस्त्यावर संपर्क कार्यालय हवं होतं, आणि नानांना नाही म्हणायची पद्धत या गावात नाही. मग दुकानाचे दोन भाग झाले. मधे भिंत घालू म्हणाले होते, ती राहिली. प्लायवूड ठोकलं, त्याला पांढरा रंग दिला, पलीकडं नानांचा फोटो टांगला. नाना स्वतः कधी येत नसत. तिथं बसायचा त्यांचा माणूस आदिनाथ.

"बस बे," आदिनाथचाच आवाज. "उभ्यानं काय आयकतो?"

"मला भेव वाटायलंय भाऊ." हा सटवा. टिपरवाला.

"भ्यायचं त्यानं. तू कावून भितो?"

शिवांजलीच्या हातात कुपी तशीच होती.

"नानाचा निरोप हाय," आदिनाथ म्हणाला. "रव्याला औंदा कोयत्यावर धाडायचा."

तिला हसू आलं. खरंच आलं. या भागात कोयत्यावर जाणं म्हणजे ऊसतोडीला जाणं. दिवाळी झाली की नवराबायकोच्या जोड्या ट्रकवर चढतात, पोरंबाळं, कोंबड्या, चुलीसकट, आणि गुढीपाडव्याला परततात. त्या जोडीलाच कोयता म्हणतात, अमक्या मुकादमाकडं वीस कोयते आहेत असं. तिच्या रवीला बादली ओढली तरी तळहाताला फोड येतो. त्याला कोण कोयत्यावर घेणार?

"कधी?" सटवानं विचारलं.

"आजच. अंबाजोगाईला गेलाय त्यो. म्हातारा एस.टी.नं गेलता, ह्यो गाडीवर. कागद आनायला म्हनं. येताना वाकड्या बाभळीच्या वळणावर गाठायचा, दोन्ही अंगानं ऊस हाय. तुझा टिपर भरून उभाच हाय की."

"परत मीच?"

"मग काय नाना यील गाडी चालवाया?" आदिनाथ हसला. "आरं, कोयत्यावर गेलेली समदी पाडव्याला परत येत्यात. ह्यो तेवढा पाडव्याला बी यायचा न्हाई. बाकी काय फरक हाय?"

"आन ते मशीन?"

"मशीन उद्या उचलू. मयताच्या घरी कोन मशीन मोजत बसतंय."

शिवांजलीनं कुपी आवाज न करता टेबलावर ठेवली. आता तिला कळलं. लाईट गेली की ही माणसं कधी आत बसून बोलत नसत. बाहेर लिंबाखाली बाजेवर जाऊन बसायची, शेंगा फोडत, पोरींच्या शाळेविषयी, बाजारभावाविषयी बोलत. लाईट आली आणि डबा घरघरायला लागला की मगच आत यायची, दार लोटून घ्यायची. तिला वाटायचं उन्हाला कंटाळून येतात. दोन वर्षं तिच्या डब्याची घरघर त्यांच्यासाठी भिंतीचं काम करत होती. ती भिंत तिनं आज एका थेंबात पाडली होती.

पलीकडं बोलणं थांबलं.

"काय रे," आदिनाथ सावकाश म्हणाला. "लाईट हाय ना?"

"हाय की. बल्ब बघा."

"मग त्यो डबा कावून बोलंना?"

घड्याळ टिकटिकत राहिलं. शिवांजलीनं डोळ्यासमोर आलं ते केलं. खराट्याची एक काडी मोडली आणि उघड्या डब्यात पंख्याच्या पात्यांना टेकवली. टर्रर्रर्र. पोरं सायकलच्या चाकाला पत्त्याचं पान लावतात तसा आवाज. घरघरीशी त्याचं काही नातं नव्हतं. तिनं झटकन काडी काढली. अंथरुणावर सुकन्या तोंड दाबून खुदकन हसली. जागीच होती तर.

"आई, अजून एकदा कर की."

"शू."

तिनं मोबाईल उचलला. फोन करून बोलायचं म्हणजे पलीकडं ऐकू जाणार. म्हणून तिनं लिहिलं, 'आज घरी येऊ नका. वळणावर टिपर आहे. खरं सांगते.' पाठवलं. एकच बरोबरची खूण उमटली. दुसरी उमटेना. त्यानं वकिलाकडं गेल्यावर फोन बंद ठेवला असेल, की रेंज नसेल. ती खुणेकडं बघत राहिली, दूध उतू जाताना बघावं तशी. पलीकडचं दार वाजलं. चपला. आपल्या दारापाशी येऊन त्या चपला थांबल्या. तिनं मोबाईलवरचा मजकूर आपल्यापुरता पुसला आणि तो टेबलावर पालथा ठेवला.

"वैनी, जिता हाय का मेला तुमचा डबा?"

आदिनाथ दारात हसत उभा होता. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, हातात शेंगांचा कागद. माणूस बोलायला गोड. भामाबाईच्या मातीला पहिला खांदा त्यानंच दिला होता.

"जिवंत आहे की," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. "तेल घातलं जरासं."

"कुनी शिकिवलं?"

"मोबाईलवर बघितलं."

"लई हुशार तुमी." तो आत आला, खुर्ची ओढून बसला, उघड्या डब्यात वाकून पाहिलं. "आरं वा. ट्यूब लावली का? आमच्या सटव्याला टिपरचा नट बसवाया येत न्हाई. कधी केलं हे?"

"आत्ताच. तुम्ही येताय तोवर बटण दाबलं."

"आत्ताच?"

"आत्ताच."

तो शेंग फोडून दाणे तोंडात टाकत तिच्याकडं बघत राहिला. मग हात लांब करून प्लायवूडवर बोटाच्या गाठीनं टकटक केलं. पलीकडून सटवाचं "काय भाऊ?" लगेच, स्पष्ट आलं.

"लई पातळ हाय न्हाई हे?" आदिनाथ म्हणाला.

"असेल. मला काय कळतंय," ती म्हणाली. "दोन वर्षं या डब्यापाशी बसून कानात दडे बसलेत माझ्या. अप्पांची सून शोभते. सकाळी दूधवाला तीनदा ओरडला तेव्हा ऐकलं."

आदिनाथ मनापासून हसला. तीही हसली. तिला वाटलं, मानलं यानं. सुकन्या उठून बसली होती, केस विस्कटलेले, चादर अंगाभोवती गुंडाळून दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. शिवांजलीनं तिला उचलून कडेवर घेतलं. पोरीचं अंग झोपेनं गरम होतं. ते ओझं तिनं कमरेवर नीट बसवलं.

"चहा ठेवते," ती म्हणाली.

"ठेवा. घाई न्हाई."

टेबलावरचा मोबाईल वाजायला लागला. पालथा होता तरी आदिनाथनं सरळ केला. पडद्यावर रवीचा फोटो.

"घ्या की वैनी. लाउडवर घ्या. आमाला बी रामराम करू द्या रविशेठला."

तिनं बटण दाबलं. एकाच दमात तिला दोन माणसांशी बोलायचं होतं. एकाला कळलं पाहिजे आणि दुसऱ्याला कळता कामा नये. आणि त्यानं संदेश वाचला असला तर पहिल्याच वाक्यात तो 'कसला टिपर?' म्हणेल.

"हॅलो, शिवू," रवीचा आवाज. मागं गाड्यांची गर्दी. "फोन बंद व्हता माझा, आत्ता चालू केला. काम झालं. निघालोच हाय..."

"अहो, आधी माझं ऐका," ती घाईनं म्हणाली. "अप्पांच्या गळ्यातल्या लिंगाचा दोरा तुटलाय. सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही त्यांच्या."



त्यांच्या लिंगायत घरात ही रीत पिढ्यांची. गळ्यातलं लिंग अंगावेगळं झालं की ते विधीनं परत गळ्यात येईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, कुणाशी बोलणं नाही. गावाला ते माहीत होतं. आदिनाथनंही मान हलवली, "आरं अरं" म्हणाला. पण सकाळी अप्पांनी रवीबरोबर एकाच ताटाशी बसून दोन भाकरी खाल्ल्या होत्या. आणि घरात दोऱ्यांची कधी वाण नव्हती.

"अगं पेटीत तीन दोरे हायत की," रवी म्हणाला. "आन सकाळी तर अप्पा माझ्यासंगं..."

"ते उंदरांनी कुरतडले," तिनं त्याचं बोलणं मधेच तोडलं. नवऱ्याचं बोलणं तिनं असं कधी तोडलं नव्हतं. "तिन्ही. तुम्ही तिथंच मठात जा. स्वामींकडून नवा दोरा मंत्रून घ्या. रात्री देत नाहीत ते, सकाळी देतात. मुक्काम करा. दोरा घेतल्याशिवाय येऊ नका. ऐकताय ना? माझी शपथ आहे."

वाचतोय का तो? कळलं का त्याला? सुकन्येनं फोनकडं तोंड नेलं, "पप्पा..." म्हणाली आणि शिवांजलीनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं.

"बरं," रवी म्हणाला. आवाज बदलला होता. सपाट झाला होता. "अप्पा उपाशी म्हणल्यावर... बरं. राहतो मठात."

"रविशेठ, रामराम," आदिनाथ फोनकडं वाकून म्हणाला.

"रामराम आदिनाथभाऊ." तो जराही अडखळला नाही, आणि शिवांजलीला त्याक्षणी कळलं की त्याला कळलंय. "तुमी हायत व्हय तिथं? बरं झालं. घरात म्हातारं मानूस हाय, लक्ष असू द्या."

"हाय की. कागद मिळालं का?"

"मिळालं. चांगलं मिळालं."

फोन बंद झाला. शिवांजलीनं तो कमरेला खोचला. पाठीवरून घाम ओघळत होता, कार्तिकातल्या थंड दुपारी. तिला एवढंच दिसत होतं: आजची रात्र तो त्या वळणावर येणार नाही. आता फक्त हा माणूस इथून उठायला हवा, काहीच न ऐकलेल्या बाईच्या घरातून उठून जावा तसा. मग ती अप्पांना आणि पोरीला घेऊन सातच्या एस.टी.नं निघेल. पुढचं पुढं.

"अप्पाला भेटून येतो," आदिनाथ उठला. "उपाशी मानूस हाय."

"नको भाऊ." ती मधल्या दारात सरकली. मोरीत अप्पांचं ताट घासून पालथं पडलं होतं, पण खाटेजवळ तांब्या होता, अर्धा प्यालेला. "पूजेला बसलेत. दोरा तुटल्यावर तोंड बघत नाहीत कुणाचं. माझंही बघत नाहीत."

तो तिच्या खांद्यावरून आतल्या अंधाराकडं पाहत राहिला. आत अप्पा घोरत होते, पण हळू. पूजेचं पुटपुटणं म्हणून खपेल इतकं हळू.

"बराबर हाय," तो म्हणाला. "धरमाचं काम हाय. चहा राहू द्या मग, घरात उपास असताना काय चहा." दारापाशी गेला. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. पलीकडं सटवाला हाक मारून म्हणाला, "चल बे, आज काय न्हाई. उद्या बघू." आणि शिवांजलीनं दुपारपासून पहिला पुरा श्वास घेतला.

तेवढ्यात त्याला पोरीचं काही तरी आठवलं. खिशातून लिमलेटची गोळी काढून तो परत वळला.

"ह्या, इसरलोच की. सुकूबाई, खोकला बरा झाला का? घे."

सुकन्येनं गोळीकडं पाहिलं, घेतली नाही. ती मघापासून काही तरी जुळवत होती; कपाळावर तिच्या बापासारखी बारीक आठी पडली होती. अंगणवाडीतली तिची मैत्रीण दिवाळीनंतर आईबापाबरोबर ट्रकवर चढून गेली होती, तेव्हा ती दोन दिवस रडली होती. मग शिवांजलीनं समजावलं होतं, पाडव्याला येईल ती, कोयत्यावर गेलेले सगळे पाडव्याला येतात.

शिवांजलीला पोरीच्या तोंडावर हात ठेवायचा होता. पण आदिनाथ बघत होता आणि तोंडावर हात ठेवणं हेच सांगणं झालं असतं. डब्यात पंखा फिरत होता, काही म्हणजे काही आवाज न करता.

सुकन्येनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात विचारलं,

"आई, कोयत्यावर गेलेली समदी पाडव्याला येतात, मग आपलेच पप्पा कावून न्हाई येणार?"